हात आत का गेला?

करिष्माच्या लिखाणाला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. शाळेपासून निबंधाचं पहिलं बक्षीस तिचंच. दापोडीत रेल्वेलाइनच्या कडेच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या होत्या, तिथं टीव्हीच्या वरच्या फळीवर तिच्या ट्रॉफ्या ओळीनं मांडलेल्या. गावाकडून, औशाहून, कुणी पाहुणे आले की तिची आई, इंदुताई, आधी त्यांच्यावरची धूळ पदरानं पुसायची आणि मग चहा ठेवायची.

म्हणून भोसरीच्या कॉलेजात मराठीच्या श्रद्धा मॅडमनी वार्षिक अंकासाठी नवा नियम सांगितला, तेव्हा तो आपल्याला लागू नाही असंच करिष्माला वाटलं. नियम साधा होता. अंकाला काही द्यायचं असेल तर ते आधी वर्गातल्याच एकाला वाचायला द्यायचं. वाचणाऱ्यानं 'छान' म्हणायचं नाही आणि 'बेकार'ही म्हणायचं नाही. काय दिसलं, कुठं अडखळलो, काय विचारावंसं वाटलं, एवढंच सांगायचं. मग लिहिणाऱ्यानं पुन्हा लिहायचं.

"तपासायला तुम्ही आहात ना मॅडम?" गणराजनं मागच्या बाकावरून विचारलं.

"मी आहेच," मॅडम म्हणाल्या. "पण माझ्या हातात मार्क असतात, म्हणून तुम्ही मला आवडेल असं लिहिता. बरोबरीच्या माणसाच्या हातात काही नसतं. तो त्याला पडलेला प्रश्न विचारून मोकळा होतो."

जोड्या मॅडमनीच लावल्या. करिष्माच्या वाट्याला वर्षाराणी आली.

वर्षाराणी चाकणच्या पुढच्या एका गावातली. घरची कांद्याची शेती होती. त्यातली बरीचशी कंपन्यांत गेली होती, आणि घराशेजारच्या तुकड्यावर वडिलांनी कामगारांना भाड्यानं द्यायला खोल्या बांधल्या होत्या. ती वर्गात फारशी बोलायची नाही, कारण तिनं 'न्हाई' किंवा 'व्हय' म्हटलं की कुणीतरी हसायचं. करिष्मा हसायची नाही, पण या मुलीकडून आपल्याला काही कळेल असंही तिला वाटत नव्हतं. वर्षाराणीचा लेख तिनं बसमध्ये बसल्या बसल्या वाचला, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर लाल गोल काढले आणि परत देऊन टाकला.

वर्षाराणीनं मात्र करिष्माची कथा चार दिवस ठेवून घेतली. मग एका दुपारी लायब्ररीच्या पायऱ्यांवर ती कागद मांडीवर घेऊन बसली.

"हितं," तिनं पेन्सिलीचं टोक टेकवलं. "'क्रूर यंत्राने नियतीशी संगनमत करून त्याच्या उमद्या हातावर झडप घातली.' हे मला कळलं न्हाई."

"त्यात न कळण्यासारखं काय आहे?"

"झडप घातली म्हंजे झालं काय? मी प्रेस कधी बघितला न्हाई. आमच्या खोल्यांतली माणसं कामाला जात्यात, पण मी कुठं आत गेलीय. तुझं दोनदा वाचलं, तरी मला तो दिसंना. मशीन तर जागचं हलत न्हाई. मंग ह्याचा हात आत का गेला?"

करिष्माची कानशिलं तापली. ही कथा वाचून गणराजच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "ही खरी गोष्ट आहे," ती म्हणाली. "माझ्या सख्ख्या भावाची. तीन बोटं गेलीत त्याची."

वर्षाराणीनं पेन्सिल खाली ठेवली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "मला ठाऊक नव्हतं. पण मंग तुला म्हाइत आसंल. तेवढं लिही."

करिष्मानं कागद तिच्या हातातून घेतले आणि ती तडक श्रद्धा मॅडमकडे गेली. आपल्याला जोडीदार बदलून पाहिजे, या मुलीला भाषेतलं काही कळत नाही, असं तिनं सांगितलं.

मॅडमनी कागदांवरची पेन्सिलीची बारीक अक्षरं वाचली. "बदलून देते," त्या म्हणाल्या. "फक्त तिच्या प्रश्नाचं उत्तर मला सांग. हात आत का गेला?"

करिष्मानं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की सांगण्यासारखं आपल्याकडे काहीच नाही. सुजितदादा चाकणला, पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या प्रेसच्या कारखान्यात होता. एक दिवस अपघात झाला. याच्या पलीकडे दोन वर्षांत घरात कुणी काही विचारलं नव्हतं, कारण विचारायची गरजच नव्हती. सगळ्यांना माहीत होतं. तो फोन बघत होता.

"जोडीदार राहू दे मॅडम," ती म्हणाली. "मी बघते."

त्या संध्याकाळी तिनं आईपासून सुरुवात केली. इंदुताई भाकरी थापत होत्या.

"आता कशाला उकरून काढायलीस?" त्या म्हणाल्या. "फोन बघायलता. मालक स्वतः दवाखान्यात येऊन माझ्यासमोर सांगून गेला. तरी बिचाऱ्यानं सगळं बिल भरलं. दुसरा असता तर दारात उभं केलं नसतं." मग तवा खाली उतरवता उतरवता त्या नेहमीचं वाक्य बोलल्या, "त्या फोनपायी पोरानं हात घालवला."

हे वाक्य त्या सुजितच्या समोरही म्हणायच्या. तो ऐकून घ्यायचा.

सुजित आता पिंपळे सौदागरच्या एका मोठ्या सोसायटीत गेटवर वॉचमन होता. गाड्यांचे नंबर लिहायला तो डाव्या हातानं शिकला होता. रविवारी दुपारी करिष्मा त्याचा डबा घेऊन गेली. सोसायटीत त्या वेळी सामसूम होती. त्याचं जेवण होईपर्यंत ती केबिनबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिली, आणि मग तिनं सरळ विचारलं.

"दादा, तुझा हात आत का गेला होता?"

त्यानं डब्याचं झाकण लावलं. "कोण विचारतंय?"

"माझ्या वर्गातली एक मुलगी. तिनं प्रेस कधी बघितला नाही. मीही नाही बघितला."

सुजितनं डबा बाजूला सारला. मग त्यानं केबिनच्या टेबलावर दोन्ही हात ठेवले, एक पूर्ण आणि एक अर्धा, आणि तिला दाखवायला सुरुवात केली.

"हे बघ. प्रेसला दोन बटणं असतात. इकडं एक, तिकडं एक. दोन्ही एकदम दाबली तरच तो खाली येतो. म्हणजे काय, तर तुझे दोन्ही हात बाहेरच अडकलेले असतात. आत जाऊच शकत नाहीत."

"मग?"

"माल पुरेसा निघत नव्हता. म्हणून उजवीकडच्या बटणात रबराचा तुकडा कोंबून ठेवला होता. ते कायमचं दाबलेलं. आता एका हातानं बटण दाबायचं, दुसऱ्या हातानं पत्रा सरकवायचा. काम पटापट होतं. सगळ्याच प्रेसला तसं होतं. त्या दिवशी पत्रा आत अडकला. मी उजवा हात घातला काढायला." तो थांबला. "डावा बटणावरच होता. सवयीनं दाबला गेला."

"आणि फोन?"

"फोन गेटवरच काढून घ्यायचे. आत न्यायची परवानगीच नव्हती."

"मग तू बोलला का नाहीस? आई दोन वर्षं..."

"भिमाजी मामा तिथंच कामाला होता. त्यानंच मला लावलं होतं. मी तोंड उघडलं असतं तर मामाचं काम गेलं असतं. आता मामा गावी गेला, पण आता काय बोलायचं?" त्यानं उजवा हात टेबलाखाली घेतला. "आणि बटण दाबलं तर मीच ना, करिष्मा. रबर कुणी का कोंबेना."

ती चालतच निघाली आणि जगताप डेअरीच्या चौकापर्यंत आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण बसस्टॉप केव्हाच मागे टाकलाय. घरी जाऊन तिनं जुनी कथा बाजूला ठेवली. नियती, क्रूर यंत्र, उमदा हात, एकही शब्द पुढं चालवता येत नव्हता. पहिलं वाक्य तिनं असं लिहिलं: प्रेसला दोन बटणं असतात.

त्याच आठवड्यात तिनं वर्षाराणीकडे तिचा लेख परत मागितला. लाल गोल बघून तिला स्वतःचीच लाज वाटली. या वेळी ती तो सावकाश वाचत गेली. लेख वर्षाराणीच्या चुलत आजीवर, भागूबाईवर होता. ही म्हातारी खोल्यांतल्या कामगारांना पहाटे भाकऱ्या करून द्यायची, आणि लेखात ती 'श्रमाचे मोल मी जाणते' असलं काहीतरी बोलायची.

"तुझी आजी खरंच असं बोलते?" करिष्मानं विचारलं.

"न्हाई. ती म्हणती, 'उपाशी मानूस मशीनवं हुबा ऱ्हातो व्हय?'"

"मग तेच लिही ना. तू माझ्याशी जशी बोलतेस तशी लेखात का बोलत नाहीस?"

"लोकं हसत्यात."

"मी वाचणार आहे. मी नाही हसणार." मग करिष्मानं दुसरी गोष्ट काढली, ती तिला जास्त टोचली होती. "आणि खोल्यांतली माणसं. पाच पानांत ती नुसती 'भाडेकरू' आहेत. एकालाही नाव नाही. आम्ही गावाकडून आलो तेव्हा अशाच खोलीत राहत होतो. आम्हाला नावं होती."

वर्षाराणीनं मान खाली घातली. "व्हय," ती म्हणाली. "मला त्यांची नावं म्हाइत न्हाईत. आजीला सगळी म्हाइत हायेत."

"मग आजीला विचार."

तिथून पुढं दोघी दर गुरुवारी लायब्ररीच्या पायऱ्यांवर भेटू लागल्या. सोपं नव्हतं ते. करिष्माची दुसरी कथा वाचून वर्षाराणी म्हणाली की आता प्रेस दिसतो, बटण दिसतं, वाचताना आपलाच हात मागं येतो. पण शेवटचं पान भाषणासारखं झालंय. "कामगारांनो जागे व्हा, हे तू म्हणतीस. तुझा दादा काय म्हणतो?" करिष्मा दोन दिवस तिच्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं ते पान काढून टाकलं आणि त्या जागी सुजितचं वाक्य घातलं, 'बटण दाबलं तर मीच ना'. गणराजनं दोन्ही कथा वाचल्या आणि पहिलीच भारी होती असं सांगितलं. "पहिली वाचून रडायला येतं राव."

"दुसरी वाचून काय होतं?" करिष्मानं विचारलं.

गणराजनं विचार केला. "राग येतो."

"मग दुसरीच देणार मी," ती म्हणाली.

वर्षाराणीचा एक प्रश्न उरला होता. "हे छापून येनार. तुझ्या आईला कधी कळनार? अंक आल्यावर?"

इंदुताईंना वाचता येत नव्हतं. सुजितची परवानगी करिष्मानं आधीच घेतली होती. तो फक्त म्हणाला होता, "लिही. पण आईला तूच सांग. मला जमणार नाही." पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर, आई आणि सुजित दोघंही घरात असताना करिष्मानं कथा मोठ्यानं वाचून दाखवली. सुजित दाराकडं तोंड करून बसला होता.

फोन गेटवर जमा होतात, या वाक्यापाशी इंदुताई म्हणाल्या, "थांब. परत वाच."

तिनं परत वाचलं.

वाचून संपल्यावर इंदुताई उठून सुजितच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांनी त्याचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. तो हात तो नेहमी खिशात किंवा रुमालाखाली ठेवायचा.

"दोन वर्षं मी तुला बोल लावायले," त्या म्हणाल्या, "अन् तू ऐकून घ्यायलास."

"मामाचं काम होतं आई."

"मामाचं काम," त्यांनी नुसते शब्द उच्चारले. मग करिष्माकडं वळून विचारलं, "त्या कारखान्याला कोणती बस जाती?"

"आई, कशाला आता?" सुजित म्हणाला.

"पैसे मागायला नाही जायले. त्यानं माझ्या तोंडावर सांगितलंय, पोरगं फोन बघायलतं. आता माझ्या तोंडावर सांगू दे, रबर कुणी घातलं."

सोमवारी करिष्मा कॉलेजला गेली नाही. मायलेकी बसनं चाकणला उतरल्या. वर्षाराणी स्कूटी घेऊन चौकात थांबली होती, तिनं रिक्षावाल्याला पत्ता समजावला आणि स्वतः मागून आली. हायवेपासून आत, दोन मोठ्या कंपन्यांच्या भिंतींमधल्या बोळात तो कारखाना होता. पत्र्याची शेड, अर्धं उघडं शटर आणि आतून सारखा येणारा धप्प धप्प आवाज. गेटवरच्या केबिनमध्ये लाकडी खण होते आणि प्रत्येक खणात एकेक मोबाइल ठेवलेला. इंदुताई तिथं उभ्या राहून ते खण बघत होत्या.

मालक बाहेर आले ते गाडीकडे जातानाच. त्यांनी इंदुताईंना ओळखलं. "अरे ताई. पोरगा कसा आहे?"

"बरा हाय," इंदुताई म्हणाल्या. "एक विचारायला आले शेठ. माझं पोरगं फोन बघायलतं म्हणून तुम्ही सांगितलात. फोन तर तुमच्या गेटावर जमा व्हतात. मग त्याच्या हातात फोन कुठून आला?"

मालकांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त थोडं घट्ट झालं. "आता एवढ्या दिवसांनी कशाला ताई? दवाखान्याचा सगळा खर्च मीच केला ना?"

"केलात. मी नाही म्हणले का? मी दुसरं विचारायले. बटणात रबर कुणी घातलं?"

"कोण सांगतं तुम्हाला हे असलं?" ते म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता गाडीत बसले. काच वर गेली. गाडी वळून बोळातून बाहेर पडेपर्यंत इंदुताई जागच्या हलल्या नाहीत.

करिष्मा मात्र शटरकडे बघत होती. तिनं पहिल्यांदाच प्रेस बघितला. तिच्याच वयाचा एक मुलगा त्याच्यासमोर उभा होता. त्याचा एक हात बटणावर होता आणि दुसऱ्या हातानं तो पत्रा आत सरकवत होता.

परत येताना बसमध्ये मोशी गेल्यावर इंदुताई एकदम म्हणाल्या, "त्या पोराच्या आईला म्हाईत नसंल."

त्या रात्री जेवताना सुजित स्वतःच म्हणाला, "तक्रार करायची तर माझ्या नावानं करा. दुसऱ्या कुणाच्या नको."

कारखान्यांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी ऑफिसला द्यायचा अर्ज करिष्मानं लिहिला. तोही वर्षाराणीनं वाचला आणि पहिल्याच परिच्छेदावर पेन्सिल टेकवली. "'घोर अन्याय' काढ. साहेबाला ते रोजच वाचायला मिळत आसंल. कुठलं मशीन, कुठलं बटन, कधीपास्नं, ते वर घे." करिष्मानं ते वर घेतलं. सुजितनं डाव्या हातानं सही केली.

ऑफिसात तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा अर्ज दुसऱ्या टेबलावर होता, तिसऱ्यांदा सुजित ड्युटी बुडवून स्वतः गेला आणि साहेब भेटेपर्यंत बाकावर बसून राहिला. साहेबांनी अर्ज वाचला. मग मान वर करून विचारलं, "हे लिहिलंय कुणी? नेमकं लिहिलंय." काही दिवसांनी कारखान्यात तपासणी झाली. सुजितच्या जुन्या सोबत्यानं फोन करून सांगितलं की सगळ्या प्रेसमधली रबरं निघाली, मालक दोन दिवस कुणाशी बोलत नव्हते, आणि आता माल कमी निघतो म्हणून सुपरवायझर ओरडतो. सुजितच्या बोटांच्या भरपाईचं काय ते अजून ठरलेलं नाही. एका कामगार संघटनेच्या वकिलांकडे त्याचे कागद आहेत. तो तारखेला जातो, आणि जाताना उजवा हात खिशात घालत नाही.

कथेला करिष्मानं कारखान्याच्या गेटवरचा प्रसंग जोडला होता. अंक छापायला जायच्या आदल्या आठवड्यात श्रद्धा मॅडमनी दोघींना शेवटची प्रुफं घरी न्यायला दिली. वर्षाराणीच्या लेखात आता भागूबाई आपल्या बोलीत बोलत होती, आणि तिच्या भाकऱ्या नेणाऱ्या माणसांना नावं होती, गावं होती. एकाचं गाव तर औशाजवळचंच निघालं.

करिष्मानं प्रुफं घरी आणली तेव्हा इंदुताई शेंगा सोलत होत्या. "गेटावरचं लिहिलंस म्हणे," त्या म्हणाल्या. "वाच बघू."

करिष्मानं वाचलं. इंदुताईंनी शेंगा बाजूला ठेवून पूर्ण ऐकलं.

"एक चुकलंय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"'आई कडाडली' म्हणून लिहिलंस. मी कुठं कडाडले? हळू बोलले मी. मुद्दाम हळू बोलले, त्याला नीट ऐकू जावं म्हणून."

करिष्माला ते दृश्य आठवलं. आई खरंच हळू बोलली होती, इतकी हळू की प्रेसच्या आवाजात मालकांना थोडं वाकावं लागलं होतं. तिनं पेन उघडलं, 'कडाडली' हा शब्द खोडला आणि समासात लिहिलं, 'हळू आवाजात म्हणाली'.

"आता परत वाच," इंदुताई म्हणाल्या.